दांडीची दांडी

आपल्या हॉस्टेलमध्ये 'दांडी' हा शब्द एकाच अर्थाने चालतो. सकाळी आठच्या लेक्चरला मारतात ती दांडी! दुसरी दांडी इतिहासाच्या पुस्तकातली, गुजरातमधली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची. तिसरी दांडी आमची. पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूरच्या बाजूला समुद्राला लागून असलेलं मच्छीमारांचं गाव. ते माझं आजोळ. आणि चौथी दांडी गाडीतली. ड्रायव्हरच्या हातातल्या गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी लोखंडी सळई. पुस्तकात तिला 'गिअरशिफ्ट लिंकेज' म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतंच 'रॉड' म्हणतात आणि माझा मामा तिला दांडी म्हणतो.

हा लेख तिसऱ्या दांडीत तुटलेल्या चौथ्या दांडीबद्दल आहे. (पहिल्या दांडीबद्दल संपादकांनी वेगळा विशेषांक काढावा, साहित्याची टंचाई पडणार नाही.) आणखी एक, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या हवाली.

मुद्दा आधीच सांगून टाकते. आपल्याला इथे चार वर्षं नवीन वस्तू डिझाइन करायला शिकवतात. मोडलेली वस्तू नीट करायला एक दिवसही शिकवत नाहीत. 'ते मेकॅनिकचं काम', असं म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटतं इथेच आपलं इंजिनिअरिंग अर्धं राहतं. कारण वस्तू का मोडली हे ज्याला शोधता येत नाही, त्याची पुढची वस्तूही तिथेच मोडणार!

आता गाडीविषयी. 'कॅम्पर व्हॅन' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? पोस्टरवरची ती गोल तोंडाची फोक्सवॅगन, छपरावर सामान आणि मागे समुद्र. १९५० मध्ये जर्मनीत तिचं उत्पादन सुरू झालं आणि साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातले हिप्पी अशा गाड्या घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे थेट गोव्यापर्यंत येत. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांमुळे तो रस्ता बंद पडला. त्या व्हॅनचं इंजिन मागे आणि ड्रायव्हर अगदी पुढे. त्यामुळे गिअरची दांडी गाडीच्या पोटाखालून जवळजवळ पूर्ण लांबीभर जायची. मध्ये तिला आधार देणारं एक छोटं बुश आणि मागे गिअरबॉक्सपाशी एक जोड. बुश झिजलं की गिअर सापडेनासे होत. आजही त्या गाड्या बाळगणारे हौशी लोक सगळ्यात आधी तेच बुश तपासतात.

मामाची व्हॅन इतकी फोटोजेनिक नाही. इंजिन पुढच्या सीटखाली, मागची सीट काढून टाकलेली, तिथे एक फळी आणि गोधडी, छताला टांगलेला बॅटरीचा दिवा आणि कितीही धुतली तरी न जाणारा सुक्या बोंबलाचा वास! आठवड्याच्या बाजारांना मामा-मामी याच गाडीतून जातात. चैत्र पौर्णिमेला डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू होते, ती पंधरा दिवस चालते. तिथे सुक्या मासळीचं दुकान मांडायचं, रात्री गाडीतच झोपायचं. पावसाळ्याआधी लोक आगोटीची खरेदी करतात, म्हणजे चार महिन्यांचं सुकं सामान भरून ठेवतात. मामीची वर्षाची जमा बरीचशी त्या पंधरा दिवसांत होते. तेव्हा माझ्या मते हीच खरी कॅम्पर व्हॅन. फरक एवढाच की हिप्पी हौसेनं गाडीत झोपायचे आणि मामी लॉजचं भाडं वाचवायला झोपते.

गेल्या वर्षी यात्रेला चार दिवस राहिले असताना बोईसरहून परत येताना दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकायला मामाने लिव्हर ओढलं आणि ते हातात आल्यासारखं सैल पडलं. भाजीत पळी फिरवावी तसं कुठेही फिरायचं. गाडी मात्र दुसऱ्याच गिअरमध्ये अडकलेली! मामाने ती तशीच, दुसऱ्या गिअरवर, क्लचच्या जोरावर दांडीपर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून तो एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला. कोणतं ते महत्त्वाचं नाही, अशी उत्तरं सगळीकडे मिळतात. गाडी न बघताच उत्तर मिळालं. 'मॉडेल जुनं आहे. आख्खी असेंब्ली मागवावी लागेल, गिअरबॉक्सही उघडावा लागेल. पंधरा-सोळा हजार धरून चला. आणि पार्ट यायला दोन आठवडे.' वर एक फुकटचा सल्ला, 'त्यापेक्षा भंगारात द्या ना!'

संध्याकाळी मामा अंगणात बसला होता. बाजूला बांधून ठेवलेल्या मासळीच्या गोण्या. मला म्हणाला, "बाय, तू मशिनचंच शिकतेस ना? मग सांग, ही चालेल का नाय?"

आता खरं सांगू? गिअर ट्रेनचं गणित मला पाठ आहे. सिंक्रोमेशची आकृती मी डोळे मिटून काढू शकते. पण या प्रश्नाचं उत्तर आमच्या कोणत्याही पेपरात आलेलं नाही. प्रश्नपत्रिकेत गिअरबॉक्स नेहमी चांगलाच असतो!

उत्तर दिलं ते बोईसरहून स्कूटरवर आलेल्या मिस्त्रींनी. ते कसं दिलं, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

त्यांनी पहिल्यांदा पान्याला हातच लावला नाही. इंजिन बंद, चाकांना ओट लावलेली. मला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "लिव्हर हलवत राहा." स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. लिव्हरपासून निघालेली हालचाल कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे मरते, एवढंच बघायचं. दोन मिनिटांत आवाज आला, "सापडली!" दांडी मधल्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंगच्या कडेला तुटली होती.

मग त्यांनी मला खाली बोलावलं. गिअरबॉक्समधून बाहेर आलेला जो शाफ्ट दांडीला जोडलेला असतो, तो त्यांनी हाताने पकडला. आपण लिव्हरच्या दोन हालचाली करतो. डावी-उजवी, म्हणजे कुठली जोडी हवी ते निवडणं, आणि पुढे-मागे, म्हणजे त्या जोडीतला गिअर टाकणं. दांडीचं काम या दोन्ही हालचाली गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणं. आत शाफ्टचं बोट योग्य फोर्कला पकडतं, फोर्क स्लीव्ह सरकवतो आणि गिअर पडतो. मिस्त्रींनी तो शाफ्ट हातानेच फिरवून, ढकलून एकेक गिअर टाकून दाखवला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. प्रत्येक वेळी 'खट्'. "पेटी ठणठणीत आहे," ते म्हणाले. म्हणजे जो गिअरबॉक्स उघडायचा सल्ला मिळाला होता, त्याला काहीही झालं नव्हतं. पंधरा हजारांचा प्रश्न पाच मिनिटांत आणि शून्य रुपयांत सुटला.

इथे कुणीही दांडी जोडून गाडी परत दिली असती. मिस्त्रींनी मात्र दुसरा प्रश्न विचारला, "तुटली का?"

तुटलेल्या टोकाकडे त्यांनी बोट दाखवलं. अर्ध्याहून जास्त भाग गंजून तपकिरी पडलेला, उरलेला स्वच्छ, चकचकीत. अर्थ सरळ आहे. तडा जुना होता, आत खारं पाणी जाऊन गंजलेला. शेवटचा तुकडा तेवढा काल तुटला. यालाच आपण पुस्तकात 'फटीग फेल्युअर' म्हणतो आणि 'वेल्डच्या कडेला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन' असं दोन मार्कांसाठी लिहितो. पुस्तकात अशा तड्यावरच्या रेषांना 'बीच मार्क्स' म्हणतात, ओहोटीनंतर वाळूवर उरणाऱ्या रेघांसारख्या दिसतात म्हणून. लहानपणापासून दांडीच्या किनाऱ्यावर त्या रेघा मी बघत आले. त्यांचा पुस्तकातल्या आकृतीशी संबंध आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पण तडा तरी का गेला? गिअरची दांडी काही वजन उचलत नाही. तिच्यावर एवढा ताण आला कुठून? तर मूळ दोषी होतं लिव्हरच्या खालचं बुश. नायलॉनचं, अंगठीएवढं. ते झिजून अंडाकृती झालं होतं.

मिस्त्री म्हणाले, "वर वीतभर हलतं तेव्हा खाली सूतभर गेलेलं असतं." (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरच्या जमान्यातही गॅरेजमध्ये सूतच चालतं.) मी पट्टी घेऊन मोजलं. लिव्हर ज्या बिंदूवर फिरतं, तिथून वरच्या मुठीपर्यंत ३०० मिमी आणि खालच्या टोकापर्यंत ५० मिमी. म्हणजे खालची ढिलाई वर सहापट दिसणार. बुशमध्ये २ मिमी, पिनमध्ये १ मिमी, मागच्या जोडात दीड. एकूण साडेचार. गुणिले सहा, म्हणजे मुठीपाशी २७ मिमी. इंचभराहून जास्त हालचाल नुसती हवेत जात होती! 'वीतभर' ही थोडी अतिशयोक्ती, पण मिस्त्रींचं तत्त्व शंभर टक्के बरोबर.

आता साखळी बघा. बुश झिजलं म्हणून गिअर नीट पडेना. पडेना म्हणून मामा लिव्हर हिसक्याने ओढायला लागला. हिसके बसले म्हणून दांडी प्रत्येक वेळी थोडी वाकायला लागली. खारी हवा होतीच. वेल्डच्या कडेला तडा गेला, वाढला आणि एक दिवस दांडी तुटली. म्हणजे नुसती दांडी जोडली असती, तर बुश तसंच राहिलं असतं, हिसके तसेच बसले असते आणि वर्षभरात दांडी परत तुटली असती. जे मोडलेलं दिसतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कशामुळे तरी मोडलेलं असतं. डॉक्टर ताप बघून थांबत नाही, तापाचं कारण शोधतो. आपण मात्र दुरुस्ती म्हणजे ठाकठोक समजतो.

पुढचं काम दीड दिवसाचं. आधी बॅटरीची वायर काढली. दोन्ही तुकडे सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर रंगाने रेघ मारून घेतली, म्हणजे परत बसवताना कोन चुकणार नाही. वेल्डिंग गाडीखाली अजिबात करायचं नाही, तिथे पेट्रोलची टाकी आणि नळी असते. दांडी बाहेर काढूनच करायचं. तुटलेली टोकं एकमेकांत अचूक बसत होती. लांबी आणि कोन दोन्ही तिथेच मिळाले. अँगलच्या खाचेत दोन्ही तुकडे सरळ ठेवले आणि तुटलेल्या जागेवर बाहेरून घट्ट बसणारा पाइपचा तुकडा चढवला, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. वेल्ड त्या पाइपच्या टोकांना आणि पाइपला पाडलेल्या भोकांतून केलं. ताण आता जुन्या जखमेवर न येता पाइपवरून पलीकडे जातो.

बुशसाठी मी मोठ्या उत्साहाने सुचवलं, "पितळेचं करूया ना! झिजणारच नाही." मिस्त्री हसले. "मग पिन झिजेल. पिन महाग आहे." बुशचं कामच स्वतः झिजून पिन वाचवणं. शिवाय पितळ आणि लोखंड एकत्र आणि वर समुद्राचं खारं पाणी, म्हणजे आपली बारावीची बॅटरीच तयार! त्यात गंजणार लोखंड. तारापूर एमआयडीसीच्या बाजूच्या एका छोट्या लेथवाल्याकडून नायलॉनचा गोल दांडा टर्न करून घेतला. भोक पिनपेक्षा किंचित मोठं ठेवलं, कारण नायलॉन ओलावा शोषून फुगतं आणि दांडीत ओलाव्याला तोटा नाही. ग्रीस भरलं, वर रबराची टोपी चढवली. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, लिव्हरही न्यूट्रलमध्ये बरोबर मध्ये, मग क्लॅम्प आवळला. सगळे गिअर तपासले. सगळ्यात आधी रिव्हर्स, कारण तो चुकीच्या वेळी पडला तर काय होईल ते सांगायला नको.

एकूण खर्च साडेआठशे रुपये, त्यात मिस्त्रींची मजुरी धरून. यात्रेच्या पहिल्या दिवशी गाडी विवळवेढ्याला उभी होती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुम्ही म्हणाल, 'एका व्हॅनवरून एवढं मोठं तत्त्वज्ञान?' बरं, मोठं उदाहरण घेऊ. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे हाताची हालचाल कितीतरी रॉड आणि जोडांमधून खाली गिअरबॉक्सपर्यंत जाणार. प्रत्येक जोडात झीज. तरीही ती टॅक्सी पिढ्यानपिढ्या पळत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. एवढा काळ ती टिकली यामागे एक साधं कारण होतं. तिचा प्रत्येक भाग उघडता येत होता, सुटा मिळत होता आणि तो बदलणारा मिस्त्री गल्लोगल्ली होता.

आज नेमकी उलटी दिशा आहे. सुटा भाग मिळत नाही, असेंब्ली घ्या. पेच उघडत नाही, खास पाना फक्त कंपनीकडे. मोबाइलची बॅटरी चिकटवलेली. यावर जगभर भांडण चालू आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी चक्क मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळण्याचा कायदा मंजूर केला. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही तिची चार क्षेत्रं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि दुरुस्ती येणारं माणूसच उरलं नाही, तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर आमचे सर म्हणतील एकांगी लिहिलंय. जुन्या गाड्या धूर जास्त सोडतात, त्यांत सुरक्षिततेच्या सोयी कमी. म्हणूनच २०२१ मध्ये सरकारने स्क्रॅपिंग धोरण आणलं आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५००० रुपये केली. गाडीचा सांगाडा सडला असेल, तपासणीत नापास होत असेल, तर ती भंगारात जावी, यात वाद नाही. पण साडेआठशे रुपयांच्या दांडीपायी चालती गाडी भंगारात घालणं म्हणजे उंदीर मारायला घर जाळणं. नवी गाडी करायला लागणारं पोलाद, वीज, पाणी फुकट येत नाही, आणि मामीला तिचा हप्ताही फुकट येत नाही.

दुसरा आक्षेप 'जुगाडा'चा. तो शब्द आपण फार कौतुकाने वापरतो. मला त्याची भीती वाटते. तारेने बांधलेलं, एम-सीलने चिकटवलेलं, 'चालतंय ना, मग चालू दे' हे जुगाड. कारण शोधून, मोजून, परत तुटणार नाही असं करणं ही दुरुस्ती. मिस्त्रींनी एक नियम सांगितला, तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. गिअरची दांडी तुटली तर गाडी थांबते, ती जोडावी. स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा रॉड तुटला तर माणूस मरतो, तो कधीही जोडू नये, नवाच घालावा. हा नियम सातवी शिकलेल्या माणसाने सांगितला. आपल्या भाषेत हेच 'फेल्युअर मोड अँड इफेक्ट अ‍ॅनालिसिस', आणि त्यावर आपल्याला पूर्ण एक युनिट आहे!

आणि ज्यांना वाटतं की दुरुस्ती हे खालचं काम आहे, त्यांनी किर्लोस्करांची गोष्ट आठवावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या. तिथून लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. त्याआधी ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, म्हणजे मास्तर दुकानात बसला आणि मग कारखानदार झाला. पुण्याचं सीओईपीसुद्धा १८५४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या नावात 'मेकॅनिकल स्कूल' होतं. हात काळे करण्याची लाज आपल्याला नंतर कधीतरी लागली असावी.

आपण वर्कशॉपमध्ये काय करतो? पहिल्या वर्षी एक लोखंडी तुकडा घेतो, आठवडे न् आठवडे घासतो, दुसऱ्या तुकड्यात बसवतो, सही घेतो आणि तो तुकडा वर्कशॉपच्या मागच्या ढिगाऱ्यात जातो. (काही जण तर मागच्या बॅचचाच तुकडा पॉलिश करून दाखवतात, नावं सांगत नाही.) त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉटर कूलरवर 'बंद आहे' हा कागद लटकत असतो. मेसचा मिक्सर गुरगुरतो, कॉमन रूमचा पंखा एकाच स्पीडवर फिरतो. पाचशे भावी इंजिनिअर त्याखाली बसून 'वॉर्डन काही करत नाहीत' म्हणतात!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. वर्कशॉपमध्ये एक दुरुस्तीचं टेबल हवं. तिसऱ्या वर्षाच्या टर्मवर्कमध्ये प्रत्येक चार जणांच्या ग्रुपला एक मोडकी वस्तू मिळावी. हॉस्टेलची असो, मेसची असो, घरची असो. वीज आणि गॅसच्या वस्तू फक्त इन्स्ट्रक्टरांच्या देखरेखीखाली. ती नीट करायची आणि एक पान लिहायचं. काय मोडलं? का मोडलं? आपण काय केलं? आणि ही वस्तू आपण डिझाइन केली असती तर काय बदललं असतं? व्हायवा घ्यायला थिअरीच्या सरांबरोबर वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टरही बसावेत, आणि वर्षातून दोनदा गावातल्या एखाद्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावं. खुर्ची द्यावी, बिसलेरी द्यावी, जसं कंपनीच्या पाहुण्यांना देतो तसं. वस्तू दुरुस्त झाली नाही तरी मार्क मिळावेत. 'का मोडलं' याचं उत्तर चुकलं तर मात्र मिळू नयेत.

यावर 'सिलॅबसमध्ये जागा नाही' हे उत्तर येणार, मला माहीत आहे. जागा करायला नवीन विषय लागत नाही. फिटिंगच्या त्या तुकड्याऐवजी मोडका पंखा ठेवला की झालं. स्टाफ रूममध्ये हा अंक वाचणाऱ्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे, पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय एकदा तरी निघू द्या. आणि मित्रमैत्रिणींनो, टेबल मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. कूलरच्या फिल्टरचा नट कुठला लागतो, एवढं तरी आजच बघून या.

आणि हो, दुरुस्तीच्या टेबलाला जो दांडी मारेल, त्याच्या टर्मवर्कला केटी!